टाटा टी आणि टेटली : मळ्याकडून नाममुद्रेकडे

२००० साली टाटा टी कंपनीने ब्रिटनमधील टेटली ही आपल्याहून कितीतरी मोठी कंपनी २७.१ कोटी पौंडांना विकत घेतली. भारतीय उद्योगाच्या परदेशी विस्ताराच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख बहुधा अभिमानानेच होतो. प्रस्तुत लेखकास मात्र तिचे मायदेशी झालेले परिणाम अधिक विचारणीय वाटतात.

खरेदीचा मोठा भाग कर्जातून उभा राहिला व त्याची परतफेड टेटलीच्याच उत्पन्नातून व्हावी, अशी योजना होती. टेटलीचे सामर्थ्य मळ्यांत नव्हते. ठिकठिकाणचा चहा विकत घेऊन तो मिसळणे आणि स्वतःच्या नावाने विकणे हा तिचा व्यवसाय. ब्रिटनमध्ये टी-बॅग तिनेच १९५३ मध्ये आणली. जागतिक बाजारात नफा नावाला आहे, पानाला नाही, हे टाटा टीने तिच्याकडून आत्मसात केले, असे म्हणावे लागते.

२००५ मध्ये मुन्नारचे बहुतेक मळे कानन देवन हिल्स प्लँटेशन्स या नव्या कंपनीकडे गेले. चहाचे घसरलेले भाव हे त्याचे एक कारण होतेच. परंतु नाममुद्रेवर चालणाऱ्या कंपनीला मळे आता ओझे वाटू लागले होते, हेही तितकेच खरे. नव्या कंपनीचे बहुसंख्य भाग कर्मचाऱ्यांना देण्यात आले, टाटांनी काही हिस्सा राखला. सप्टेंबर २०१५ मध्ये याच कंपनीतील पाने खुडणाऱ्या स्त्रिया बोनस-कपातीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. प्रस्थापित कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनाही त्यांनी आपल्यापासून दूर ठेवले.