स्टेरॉइड नको, पुडी चालेल

चाळीसगावात संधिवाताची चिठ्ठी हाती पडली की ती औषधाच्या दुकानात जाण्याआधी चार घरं फिरते. भाचा बी.फार्म. करतोय, पुतण्या पुण्याला असतो, शेजारच्या नानांना तर सगळंच कळतं. सगळ्यांना विचारायचा प्रश्न एकच: "यात स्टेरॉइड तर नाही ना?" असलं, तर तेवढी गोळी पाकिटातच राहते आणि बाकीच्या सुरू होतात. हेच घर महिन्याभराने गुडघ्याची पुडी आणायला पाच कोस जातं, त्याबद्दल पुढे बोलूच. या प्रश्नामागचं मत इतकं सर्वमान्य आहे की ते नीट मांडायची तसदी कुणी घेत नाही. म्हणून आधी तेच मांडतो, आणि जमेल तितकं सबळ करून.

पूर्वपक्ष असा. स्टेरॉइड आजार बरा करत नाही, नुसता दाबतं. दाबता दाबता साखर वाढवतं, हाडं पोकळ करतं, तोंड सुजवतं. एकदा अंगवळणी पडलं की सुटत नाही. आणि २०२१ साली कोविडच्या लाटेत म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीने, लोकांचे डोळे नि जबडे नेले ते सगळ्यांनी पाहिलंय, आणखी पुरावा कशाला?

यातलं एकही वाक्य हवेतलं नाही. पण कुठल्या आजारात, किती मिलिग्रॅम, किती दिवस, हे या चारही वाक्यांत कुठेच येत नाही. एवढं वगळल्यावर औषधाबद्दल केलेलं कुठलंही विधान अर्धवटच राहतं.

म्युकरचंच घेऊ, कारण ती जखम ताजी आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या कोविडवरच्या 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र फायदा झाला नाही. उलट नुकसान होत असावं अशी शंका राहिली. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त रुग्णाचा. पुढच्या वर्षी आपल्याकडे घरात पडून असलेल्या, ऑक्सिजन ९७ असलेल्या मधुमेही माणसांनीही मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या पाहून ते घेतलं. म्युकरला रान मोकळं मिळालं ते अशा वापरामुळे आणि बेलगाम साखरेमुळे. स्टेरॉइडविरुद्धचा सर्वात मोठा म्हणून जो पुरावा दाखवला जातो, तो तपासला तर असा निघतो.

बदनामी मात्र त्याहून जुनी आहे. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला 'संयुग ई', म्हणजे पुढे ज्याला कॉर्टिझोन म्हणू लागले, त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. आठवड्याभरात ती बाई शहरात जाऊन तासन्‌तास खरेदी करून आली. १९५० चं नोबेल हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना मिळालं, इतक्या तडकाफडकी. पण मात्रा पाहा: रोज १०० मिलिग्रॅम कॉर्टिझोन, म्हणजे आजच्या हिशेबाने २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. पुढच्या काही वर्षांत जगभर अशाच मात्रा महिनोन्‌महिने दिल्या गेल्या. गोल चेहरे, ठिसूळ मणके, बिघडलेली मनं, ही सगळी यादी त्या काळात तयार झाली आणि आजतागायत तोंडी चालत आली. हेंच स्वतः याला 'बरं करणारं औषध' म्हणायला तयार नव्हते, हे सांगायला हवं. भक्त झाले ते इतर लोक.

आता 'दाबतं' या आक्षेपाकडे. दाबतं, हे खरंच आहे. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते, ल्युपसमध्ये मूत्रपिंडांवर. तिला आवरणं हाच इथे उपचार असतो. आमवातावरच्या ज्या मेथोट्रेक्सेटबद्दल कुणी ब्र काढत नाही, तेही तेच करतं. फक्त त्याचा गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. (ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, आणि त्याची भीती मात्र कुणाला वाटत नाही.) त्या मधल्या आठवड्यांत सांध्यातलं हाड कुरतडलं गेलं तर ते पुन्हा भरून येत नाही. तेवढ्या काळापुरतं प्रेडनिसोलोन दिलं जातं, लहान मात्रेत. ल्युपसने मूत्रपिंड धरलं असेल तर लहान मात्रेवरही भागत नाही. तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन द्यावं लागतं, कारण तिथे हाती फार वेळ नसतो. १९५० च्या दशकात ल्युपसचं निदान झालेल्यांपैकी निम्मेच पाच वर्षं जगत. आज चांगल्या उपचारांत नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात. सगळं श्रेय स्टेरॉइडचं नाही, डायलिसिस आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचंही आहे. पण स्टेरॉइड वजा करून हा आकडा आला नसता.

'सुटत नाही' या आक्षेपाचं उत्तर आपल्याच तालुक्याच्या वाटेने देता येतं. पाटणादेवीच्या परिसरातला, भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख ज्यांनी विद्वानांपुढे आणला ते भाऊ दाजी लाड पेशाने डॉक्टर, आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्यात त्यांनी बरीच वर्षं घातली. आज कुष्ठरोगाच्या जंतूंवर औषध आहे, पण काही रुग्णांत प्रतिकारशक्तीच खवळून हातापायांच्या नसा मारते. तेव्हा सरकारी कार्यक्रमात वर्षानुवर्षं काय दिलं जातंय? प्रेडनिसोलोन. ४० मिलिग्रॅमने सुरुवात, मग दर पंधरवड्याला ३०, २०, १५, १०, ५. बारा आठवड्यांत बंद. याने हजारो लोकांची बोटं वाकायची राहिली आणि गोळी सुटलीही.

पायरीपायरीने का उतरायचं, तेही ऐका. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्वतःच तयार करतात, सर्वात जास्त पहाटे. म्हणून गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. बाहेरून तीन आठवड्यांहून जास्त पुरवठा झाला की ग्रंथी काम थांबवतात, आणि त्यांना पुन्हा जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. लोक याला व्यसन म्हणतात. व्यसनात तलफ असते. इथे गोळीची तलफ कुणाला येत नाही.

इतकं मंडन केल्यावर स्टेरॉइडच्या वकिलांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'पाच मिलिग्रॅमने काही होत नाही' असं बेधडक सांगणारे आहेत. युरोपात ६५ वर्षांवरच्या आमवाताच्या रुग्णांना दोन वर्षं रोज ५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं गेलं. 'ग्लोरिया' चाचणी, २०२२. आजार अधिक आटोक्यात राहिला, सांध्यांची हानीही कमी झाली. पण नोंद घेण्याजोगे दुष्परिणाम गोळीवाल्यांत ६० टक्क्यांना झाले, बिनगोळीवाल्यांत ४९ टक्क्यांना. बहुतेक साधे संसर्ग. फायदाही खरा, किंमतही खरी. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची २०२२ ची शिफारस आमवातात शक्यतो तीन महिन्यांत गोळी बंद करा अशी आहे. आणि युरोपातले साधे संसर्ग इथे साधे राहतीलच असं नाही. आपल्याकडे क्षय घरोघर दबा धरून बसलेला. छातीचा फोटो न काढता महिनोन्‌महिने स्टेरॉइड देणं हा निष्काळजीपणाच. साखरेचीही एक मेख आहे. सकाळी घेतलेल्या गोळीने साखर चढते ती दुपारी-संध्याकाळी. लोक तपासतात उपाशीपोटी, रिपोर्ट स्वच्छ येतो, सगळे निर्धास्त. जेवणानंतरची पाहिली तर कळतं. हाडांची झीजही पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वात वेगाने होते, म्हणजे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून हवं.

आता पुडीकडे वळू. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली भिगवणला घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. अंग-सांधे दुखण्याची तक्रार सुमारे १८ टक्क्यांची निघाली. आमवात निघाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तोच हिशेब चाळीसगाव शहरातल्या प्रौढांना लावा, २०११ ची एकूण वस्ती सुमारे ९७ हजार. आमवाताचे रुग्ण तीनशेच्या घरात भरतील आणि नुसत्या दुखण्याचे दहा-अकरा हजार. या दहा हजारांत बहुतेकांना गुडघ्याची झीज, कंबर, कापूस वेचून धरलेला खांदा. स्टेरॉइडची गोळी त्यांच्यासाठी नाहीच. तिने झीज थांबत नाही.

पण पुडी त्यांनाच मिळते. वर्तमानपत्राच्या चौकोनात बांधलेली तपकिरी भुकटी, उजेडात धरली तर मध्ये पांढरे कण. नाव नाही, मात्रा नाही, "शंभर टक्के जडीबुटी". "पुडी लिधी का दोन दिनमा हात मोकळा व्हतस," असं घेणारा कौतुकाने सांगतो. जडीबुटीला दोन दिवसांत एवढं जमत नाही. अशा भुकट्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन आणि वेदनाशामकं मिसळलेली वारंवार सापडली आहेत. यात आयुर्वेदाला ओढायचं कारण नाही. चोप्रांच्याच गटाने आयुर्वेदिक औषधांच्या रीतसर चाचण्या घेतल्या आहेत, नाव, घटक, मात्रा सगळं उघड ठेवून. पुडीत नेमकं तेच झाकलेलं असतं. परिणामी ज्या तीनशे जणांना मोजून-मापून स्टेरॉइड मिळायला हवं, ते भीतीपोटी नाकारतात. ज्या दहा हजारांना ते अजिबात नको, त्यांच्या पोटात ते बेहिशेब जातं. 'स्टेरॉइड म्हणजे विष' हा प्रचार पुडीवाल्याला परवडतो, किंबहुना त्याचं दुकान त्यावरच चालतं.

मग पुडी घेणाऱ्याला काय सांगायचं? "आजपासून बंद," असं नाही. वर्षभर ती घेतलेल्याच्या ग्रंथी झोपलेल्या असतात. एकदम थांबवलं तर उलट्या, गळाठा, घसरलेला रक्तदाब. त्यात ताप आला किंवा मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पुडीची गोष्ट डॉक्टरांपासून लपवली गेली, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पुडी बरोबर न्यावी आणि टेबलावर ठेवावी. संशय पक्का वाटला तर डॉक्टर सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉलची तपासणी करतात, आणि पुष्कळदा मोजलेली गोळी सुरू करून ती आठवड्या-पंधरवड्याने उतरवतात. स्टेरॉइड नको म्हणून पुडीकडे गेलेल्याच्या चिठ्ठीवर तेव्हा पहिलं नाव लिहावं लागतं ते प्रेडनिसोलोनचंच.