भावंड-हेरांची तर्कपद्धती : विज्ञान-शिबिरातील रहस्यकथेचे विवेचन

१. प्रतिपाद्य

उन्हाळी विज्ञान-शिबिर, तिथे झालेली चोरी किंवा मोडतोड आणि तिचा छडा लावणारी भावंडे, असा आराखडा बालसाहित्यात अनेकदा आढळतो. त्यात नाते, स्थळ आणि पुरावा असे तीन घटक असतात. परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक आणि पांढरे डगले आले म्हणजे कथेत विज्ञान आले, असा समज असतो. तो अपुरा आहे. नायकांचा आवडता तर्क खोटा ठरण्याची वाट ज्या कथेत खुली असते, तीच विज्ञानाची कथा होय. ती वाट खुली ठेवण्याचे काम भावंडांचे नाते फार स्वाभाविकपणे करते, हे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२. वर्गीकरण

नात्यातल्या हेरांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला, बरोबरीची जोडी. १९२७ मध्ये अमेरिकेत स्ट्रेटमायर सिंडिकेटने सुरू केलेल्या मालिकेतले हार्डी बंधू हे याचे ठळक उदाहरण. थोरला फ्रँक शांत डोक्याचा, धाकटा ज्यो उतावळा.

दुसरा, भावंडांचा गट. गर्ट्रूड चँडलर वॉर्नर यांची रेल्वेच्या डब्यात राहणारी चार भावंडे १९२४ मध्ये अवतरली. एनिड ब्लायटन यांच्या १९४२ पासूनच्या ‘फेमस फाइव्ह’मध्ये तीन सख्खी भावंडे, चुलतबहीण जॉर्ज आणि टिमी कुत्रा आहेत. इथे कामाची वाटणी महत्त्वाची.

तिसरा, गुरू-शिष्याची जोडी. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ मासिकातून आला. त्याचा चुलतभाऊ तोपशे सोबत असतो आणि कथा सांगतो, पण थोरल्याच्या निष्कर्षाला सहसा आव्हान देत नाही.

विज्ञान-शिबिराच्या कथेला पहिला प्रकार सर्वांत मानवतो, कारण बरोबरीची माणसे एकमेकांचे म्हणणे खोडू शकतात.

३. भावंडांचे कार्य

भूशास्त्रज्ञ टी. सी. चेंबरलिन यांनी १८९० मध्ये एक धोका दाखवला होता. संशोधकाला स्वतःच्या गृहीतकाविषयी पालकाची माया जडते आणि मग त्याला अनुकूल तेवढेच दिसू लागते. उपाय म्हणून त्यांनी एकाच वेळी अनेक गृहीतके बाळगण्याची पद्धत सुचवली. १९६० मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी हा दोष प्रयोगातून दाखवला. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात. स्वतः आकडे सुचवून तो नियम शोधा, असे त्यांनी सांगितले. चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे, एवढाच तो नियम होता. बहुतेकांनी मात्र आपल्या मनातल्या नियमाला दुजोरा देणारेच आकडे विचारले. नियम मोडतो का, हे पाहणारे थोडे.

मुलांच्या बाबतीत हा दोष एकट्याने टाळणे अधिकच अवघड. मित्र भिडेखातर गप्प बसतो. भावंडाला ती भीड नसते. ‘ताई, तुला तो मुलगा आवडत नाही म्हणून तू त्याचं नाव घेतेस,’ हे धाकटा भाऊ तोंडावर सांगू शकतो आणि रात्री दोघे शेजारीच झोपतात. नाते तुटणार नाही या खात्रीतून टीकेचे धैर्य येते.

भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ खोडण्यासाठी वितंडा. भावंडांचे घरचे भांडण जल्पात किंवा वितंडेत मोडते. रहस्याचा माग काढताना ते वादापर्यंत पोचते. कथेतला खरा विकास हाच.

४. शिबिराचे कार्य

शिबिर तपासाला चौकट देते. मुलांची यादी ठरलेली असते, वेळापत्रक असते, साहित्याची नोंदवही असते आणि आई-वडील दूर असतात. शिवाय तर्क तपासण्याची साधने हाताशी असतात.

समजा, चाळीस मुलांच्या शिबिरात दुर्बिणीची नेत्रिका नाहीशी झाली आणि तिच्या जागी काळ्या स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी सापडली. चिठ्ठीचा शाई असलेला छोटा तुकडा आणि संशयितांच्या पेनांचे ठिपके यांची तुलना करता येते. गाळणकागदाच्या पट्टीवर पेन्सिलने रेघ मारायची, कारण पेन्सिलीचे ग्राफाइट पाण्यासोबत वर चढत नाही. रेघेवर शाईचा ठिपका द्यायचा आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवायचे. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी चढते तशी काळी शाई निळ्या, लाल, पिवळ्या रंगांत फुटते. जो रंग पाण्यात अधिक विरघळतो आणि कागदाला कमी चिकटतो, तो वर जातो. बॉलपेनची शाई पाण्यात हलत नाही. तिच्यासाठी स्पिरिट लागते. रंगद्रव्ये विलग करण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी घडवली. त्यांनी कागदाऐवजी खडूची भुकटी भरलेली नळी वापरली होती.

५. पुराव्याचे मोल

या चाचणीचा अर्थ लावताना बहुतेक कथा घसरतात. रंगपट्टे जुळले तर एवढेच कळते की शाई त्या प्रकारची असू शकते. तसलेच पेन दहा मुलांकडे असेल. पट्टे जुळले नाहीत, तर मात्र ते पेन बाद होते. म्हणजे चाचणी दोषी ठरवण्यापेक्षा निर्दोष सोडवण्यात अधिक बलवान आहे.

बोटांच्या ठशांचेही तसेच. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे कार्यालय स्थापन झाले आणि तिथल्या वर्गीकरण-पद्धतीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. बोटांच्या ठशांत शंख साधारण ६० ते ६५ टक्के आढळतात, चक्रे ३० ते ३५ टक्के, कमानी सुमारे ५ टक्के. एकाच माणसाच्या दहा बोटांवर वेगवेगळे नमुने असू शकतात. म्हणून ‘ठसा शंखाचा आहे’ एवढ्यावरून चाळीस मुलांपैकी जवळजवळ कोणालाच वगळता येत नाही. ओळख पटते ती रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात या बारकाव्यांवरून. दोषी आणि निर्दोष दोघांनाही लागू पडणाऱ्या खुणेला न्यायशास्त्र सव्यभिचार हेत्वाभास म्हणते. असा हेत्वाभास ओळखणारे पात्र कथेत हवेच.

६. आक्षेप आणि निरसन

आक्षेप असा की, एकाच घरात वाढलेल्या भावंडांचे पूर्वग्रहही सारखे असतात. मग ती एकमेकांना काय सुधारणार? आक्षेप खरा आहे. घरात ‘गरिबाचं पोर चोरी करतं’ असे ऐकले असेल, तर दोघेही त्याच मुलाकडे बोट दाखवतील. म्हणूनच स्थळाची गरज आहे. कागदावरच्या रंगपट्ट्यांना कुणाच्या घरची शिकवण माहीत नसते. नाते वैयक्तिक पूर्वग्रह तपासते, प्रयोग कौटुंबिक पूर्वग्रह तपासतो.

दुसरा आक्षेप : मुलांना एवढी काटेकोर पद्धत रुक्ष वाटेल. पण काटेकोरपणा रहस्यकथेच्या मुळातच आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. हेराला योगायोगाने किंवा अगम्य अंतःप्रेरणेने उत्तर सापडू नये, हा त्यातला एक. वाचकाला हेराइतकीच संधी मिळावी, हा त्यामागचा न्याय. तो मुलांनाही तितकाच आवडतो, कारण कोडे स्वतः सोडवण्याचा आनंद त्यातच असतो.

७. निष्कर्ष

अशी कथा लिहिणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. भावंडांचा पहिला तर्क चाचणीने मोडतो का? मोडल्यावर कोण आधी मान्य करते आणि का? ज्याच्यावर उगाच संशय घेतला, त्याची सर्वांसमोर माफी मागितली जाते का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शिबिरातला संशयित हाही एक लहान मुलगा असतो आणि चोरीचा शिक्का त्याला पुढच्या शाळेपर्यंत चिकटू शकतो. पुराव्यापलीकडे एक शब्दही न बोलणे ही शास्त्राची शिस्त आहे, तशीच ती दुसऱ्या मुलाशी वागण्याची नीतीही आहे. कथेने या दोन्ही एकत्र शिकवाव्यात.