बेळ्ळंदूर : सौर उपकरणांचा वापर

बेंगळूरुच्या आग्नेय भागातील, बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतचे उपनगर. शहरातील सर्वांत मोठा तलाव येथे आहे. त्यावरचा विषारी फेस आणि २०१७ व २०१८ मधील आगी यांमुळे हे नाव देशभर गाजले. पूर्वीच्या शेतजमिनींवर आज आयटी पार्क आणि उंच गृहसंकुले उभी आहेत, आणि सौर उपकरणांचा येथील वापर या दोहोंच्या गरजेतून घडला आहे. त्यात पहिला मान विजेचा नव्हे, गरम पाण्याचा.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीमुळे बेंगळूरुत पहाटे गारवा असतो. अंघोळीला बाराही महिने गरम पाणी लागते आणि ऊनही बहुतेक दिवस मिळते. २००७ मध्ये कर्नाटक सरकारने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचा केला. बंब बसवणाऱ्यांना वीज बिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला कमाल ५० रुपये सूटही ठेवली. सूट किरकोळच, घरोघरी बंब पोचले ते सक्तीमुळे. यंत्राची रचना साधी आहे. काळ्या लेपाच्या नळ्यांत पाणी तापते, हलके होऊन वरच्या टाकीत चढते, थंड पाणी खाली येते. पंपाची गरज नाही. पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांसाठी टाकीत विजेचा कॉइल असतो, त्याला सगळे ‘बॅकअप’ म्हणतात.

खरा शत्रू ढग नव्हे, पाणी. या भागातील अनेक संकुले बोअरवेल आणि टँकरवर चालतात. ते जड पाणी तापले की क्षार खाली बसतात. तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट पॅनेल (फ्लॅट प्लेट) त्यामुळे काही वर्षांत चोंदते, म्हणून अशा ठिकाणी काचेच्या निर्वात नळ्यांचा बंब पसंत केला जातो. त्यातही टाकी धुणे आणि मॅग्नेशियमचा दांडा वेळेवर बदलणे टळत नाही. हा दांडा स्वतः गंजतो आणि टाकी वाचवतो. तो संपला की टाकीला भोके पडतात आणि दोष मात्र कंपनीच्या माथी मारला जातो.

उंच इमारतीत गणित आणखी अवघड होते. चौकोनी कुटुंबाला दिवसाला २०० लिटर गरम पाणी धरले तर सुमारे ४ चौ.मी. संग्राहक लागतो. चौदा मजल्यांच्या, मजल्याला चार सदनिका असलेल्या इमारतीला त्या हिशेबाने २२४ चौ.मी. नुसते संग्राहक हवेत. दोन ओळींतली मोकळी जागा वेगळीच. लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना वजा करता गच्चीवर तेवढी जागा उरत नाही. शिवाय लांब पाइपातून खाली येताना पाणी निवते. म्हणून अनेक संकुलांत सौर गरम पाणी वरच्या काही मजल्यांनाच मिळते. खालच्यांनी गीझर लावायचा, आणि गच्ची मात्र सगळ्यांची. सोसायटीच्या सभेत हा वाद हमखास रंगतो.

विजेच्या पॅनेलनाही हीच गच्ची लागते. १ किलोवॉटसाठी साधारण १० चौ.मी. जागा हवी, त्यातून बेंगळूरुत दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्याच्या रखरखीत उन्हापेक्षा इथले सौम्य ऊन पॅनेलला मानवते. २०१३ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने छतावरच्या विजेला युनिटमागे ९ रुपये ५६ पैसे दर दिला होता. तो पुढे टिकला नाही. संकुलांत ही वीज सहसा सामायिक मीटरला जोडतात : पाण्याचे पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे हवा-पंप. तलावाच्या दुर्दशेनंतर या प्रकल्पांकडे विशेष लक्ष आहे, आणि त्यांचे हवा-पंप दिवसाही चालत असल्याने त्यांचा सौर विजेशी मेळ चांगला बसतो.

इकोस्पेस, इकोवर्ल्ड यांसारख्या आयटी पार्कांचा वातानुकूलनाचा भार मात्र कोणत्याही गच्चीला न पेलणारा. एवढ्या मोठ्या ग्राहकांसाठी ‘ओपन अ‍ॅक्सेस’ची वाट आहे : दूरच्या सौर प्रकल्पाशी करार करून वीज सरकारी तारांवरून आणायची. राज्यातील सौर प्रकल्पांचा आवाका केवढा, तर तुमकूरु जिल्ह्यातील पावगडा येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान आहे. तेथील शेतकऱ्यांनी जमीन विकली नाही, वर्षाला एकरी २१,००० रुपये भाड्यापासून सुरुवात करून ती पट्ट्याने दिली.

उद्योगाला केवळ वीज नव्हे, उष्णताही लागते. त्याची उदाहरणे बेळ्ळंदूरपेक्षा महाराष्ट्रात ठळक आहेत. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत २००६ मध्ये ऊन एकवटणारी १६० चौ.मी.ची ‘अरुण’ तबकडी दुधाच्या पाश्चरीकरणासाठी बसली. शिर्डीच्या साई संस्थानात २००९ पासून ७३ तबकड्यांच्या वाफेवर प्रसादाचे जेवण शिजू लागले. छोट्या धंद्यांसाठी बेंगळूरुच्याच सेल्को संस्थेने (स्थापना १९९५, संस्थापकांपैकी हरीश हांडे यांना २०११ चा मॅगसेसे पुरस्कार) सौर शिलाई मशीन, लोहाराचा भाता आणि रोटी यंत्र चालवून दाखवले.

पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षे धरतात, इन्व्हर्टरचे त्याहून बरेच कमी. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचाही समावेश झाला असून ते नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.