कौल आणि अदमास : उच्च शिक्षणाच्या उंबरठ्याचा इतिहास

बारावीचे निकाल लागले की आमच्या देवस्थानांच्या सभामंडपांत एक परिचित दृश्य दिसू लागते. मुलाला किंवा मुलीला पुढे घालून आईबाप गाभाऱ्यासमोर उभे राहतात आणि देवाकडे कौल मागितला जातो. प्रश्न बहुधा एकच असतो : अमुक महाविद्यालयात प्रवेश मिळेल ना? या श्रद्धेला कोणी हसू नये. मात्र या एका प्रश्नाच्या पोटात दोन निराळे प्रश्न दडलेले असतात. प्रवेश मिळण्याचा संभव किती, हा पहिला. आणि मिळाला तर ती जागा आपल्या मुलाला मानवेल काय, हा दुसरा. या दोहोंची गल्लत आजची नाही. आमच्याकडे विद्यापीठ आले त्या दिवसापासून ती चालत आली आहे, आणि म्हणूनच तिचा इतिहास चाळण्याजोगा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे लोकांच्या तोंडची मॅट्रिक, १८५९ मध्ये झाली. तिला १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. सहांत एक, असा हिशेब त्या वेळी कोणीही केला असता, आणि आकड्यांपुरता तो बिनचूकच होता. पण हे प्रमाण सर्व उमेदवारांचे मिळून होते. त्यांतील एकेका मुलाचे नव्हते. उत्तीर्णांमध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावे होती. भांडारकर मूळचे मालवणचे. वडिलांच्या नोकरीमुळे ते रत्नागिरीला शिकले आणि १८५३ मध्ये मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. परीक्षेच्या दालनात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांच्या गाठीस कित्येक वर्षांचे भरीव अध्ययन होते. अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत संभव सहांत एकाहून कितीतरी अधिक होता. ज्याने इंग्रजीचे जेमतेम तोंड पाहिले होते, त्याच्या बाबतीत तो तितकाही नव्हता.

एकूण प्रमाण पाहून धीर सोडणे किंवा हुरळून जाणे ही दोन्ही टोके चुकीची, हा त्या पहिल्या परीक्षेचा पहिला धडा. दुसरा धडा अनुत्तीर्ण झालेल्या ११० जणांचा आहे. त्यांची नावे आमच्या इतिहासाने जपली नाहीत. पण ते सर्व बुद्धिहीन होते असे कोण म्हणेल? परीक्षेने त्या दिवसापुरती त्यांची तयारी मोजली. त्यांचे मोल मोजले नाही. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले ते अवघे चार : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार पदवीधरांवर कोणताही समाज उभा राहत नसतो. आमच्या शाळा, कचेऱ्या, पेढ्या आणि देवस्थानांचे कारभार ज्यांनी चालविले, त्यांतील बहुतेकांच्या नावापुढे पदवी नव्हती.

परीक्षा ओलांडल्यावर निवडीचा प्रश्न येई. एल्फिन्स्टन सरकारी, विल्सन आणि १८६९ मध्ये निघालेले सेंट झेवियर्स मिशनऱ्यांचे. तेथे मुलगा पाठविताना धर्मांतराच्या भयाने हिंदू पालकांचे मन कचरत असे. पुण्यास सरकारी डेक्कन कॉलेज होते, आणि १८८५ मध्ये आमच्याच लोकांनी काढलेले फर्ग्युसन त्याच्या जोडीला आले. परीक्षा मात्र सर्वांची एकाच विद्यापीठाची. तेव्हा महाविद्यालयाच्या कीर्तीइतकेच दुसरे प्रश्न तोलले जात : शिकविणारे कोण, शुल्क किती, राहायचे कोणाकडे, जेवणाची सोय काय, शिष्यवृत्ती मिळेल का? गोपाळ कृष्ण गोखले यांनी कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन अशा तीन महाविद्यालयांतून वाट काढीत १८८४ मध्ये पदवी मिळविली, आणि त्यापायी त्यांच्या वडील बंधूंना स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. एकाच महाविद्यालयाच्या नावावर आयुष्य अवलंबून असते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर आठवावे.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. ज्यांना शाळेच्या दारातच अडविले जाई, त्यांच्यापुढे महाविद्यालय निवडण्याचा प्रश्नच उभा राहत नसे. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे त्यांना एल्फिन्स्टनचे शिक्षण पुरे करता आले, आणि १९१३ मध्ये त्याच संस्थानच्या साहाय्याने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. गुण त्यांचे स्वतःचे होते; वाट मात्र कोणीतरी खुली करावी लागली. प्रवेशाच्या संभवाचा विचार करताना आपल्यासाठी कोणत्या वाटा अगोदरच खुल्या आहेत, याचेही भान असावे.

गोमंतकातील हिंदू कुटुंबांपुढचा पेच याहून अवघड होता. पणजीस १८४२ पासून एस्कोला मेदिका होती आणि १८५४ पासून लिसेव. पण ती वाट पोर्तुगीज भाषेची. पुढे ती लिस्बन आणि कोइंब्राकडे जाई. इंग्रजीची वाट बेळगाव, धारवाड आणि मुंबईकडे नेई. तीत घर सोडून परक्या राज्यात नातेवाइकांच्या आश्रयाने राहणे आलेच. बापाने दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कोणत्या शाळेत घातले, यावर त्याचे महाविद्यालय ठरून जाई. निवड झाली हे मुलाला कळे तेव्हा तिला पुष्कळ वर्षे लोटलेली असत. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्ये पणजीस धेंपे व मडगावास चौगुले महाविद्यालय निघाले, तेव्हा घरी राहून पदवी मिळविण्याची सोय कित्येक कुटुंबांना प्रथमच लाभली. एस्कोला मेदिकेच्या परंपरेतून १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि १९८५ मध्ये गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. ज्या फोंडा महालात आमच्या दैवतांनी एके काळी आश्रय घेतला, त्याच महालात २०१६ पासून आयआयटीचेही वर्ग भरू लागले.

वाटा अशा वाढल्या, तरी जुने धडे शिळे झालेले नाहीत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या आसपास होत्या. वीसांत एक हा हिशेबही १८५९ च्या सहांत एकासारखाच आहे : सर्वांचा मिळून खरा, आपल्या मुलाचा नव्हे. आपला अदमास काढायचा तर त्या महाविद्यालयात, आपल्या प्रवर्गात, मागील दोन-तीन वर्षांत शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, ते पाहावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या आणि १५ टक्के अखिल भारतीय असतात. म्हणून बेळगावच्या मराठी मुलाने कोल्हापूरची आशा धरताना, किंवा इंदूर-बडोद्याच्या मुलाने मुंबईकडे पाहताना, आपण कोणत्या राज्याचे रहिवासी गणले जातो हे आधी तपासावे. भाषा आमची असली तरी कोटा राज्याचा असतो. तसेच, पूर्वी पोर्तुगीज की इंग्रजी या निवडीने जे ठरे, ते आता बव्हंशी अकरावीच्या विषयांनी ठरते. जीवशास्त्र सोडलेल्या मुलाने बारावीनंतर वैद्यकाचा विचार केला, तर तो विषय त्याला आधी मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून पुरा करावा लागतो.

महाविद्यालयांची यादी करताना ती तीन भागांत करावी. काही नावे प्रयत्नांची पराकाष्ठा झाली तरच मिळतील अशी असावीत; काही आपल्या तयारीशी जुळणारी असावीत; आणि एक-दोन तरी अशी असावीत की जी निश्चित मिळतील व जेथे मुलगा मनापासून शिकेल. हा शेवटचा भाग बहुतेक घरी लाजेकाजेस्तव वगळला जातो. मग पहिल्या नावाचा नकार आला की घरात सुतक असल्यासारखे वातावरण पसरते आणि कोवळे मन खचते. १८५९ च्या त्या ११० जणांच्या घरी काय घडले, ते आपल्याला ठाऊक नाही; आपल्या घरी काय घडावे, हे मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून देवाकडे कौल अवश्य मागावा, पण त्यापूर्वी यादी नीट करून घ्यावी. कोणत्या महाविद्यालयाचा शेवटचा क्रमांक कोठे लागला, हे पाहणे आपले काम आहे. देवाकडे मागायचे ते धैर्य : मिळालेल्या जागी मुलाने मन लावून शिकावे यासाठीचे, आणि न मिळालेल्या जागेचा सल मनात न ठेवता आईबापांनी त्याच्या पाठीवर हात ठेवावा यासाठीचे.