मोटारीतील वीज : डायनॅमोपासून अल्टरनेटरपर्यंत

१/ अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० च्या ‘व्हॅलियंट’ या छोट्या मोटारीत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवला. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या मोटारीत हे प्रथमच घडत होते. त्यामागचे तत्त्व मात्र तेव्हा सव्वाशे वर्षांहून जुने होते.

२/ फॅराडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील उपकरणनिर्माता इपोलित पिक्सी याने हाताने फिरवायचे जनित्र घडवले. त्यात चुंबक फिरत असे आणि तारेची वेटोळी स्थिर असत. प्रवाह सतत दिशा बदलत असे. अशा प्रवाहाचा उपयोग तेव्हा कोणाला दिसेना, म्हणून अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीने कम्युटेटर जोडून तो एकाच दिशेने वळवला.

३/ मोटारीच्या डायनॅमोने हाच कम्युटेटर स्वीकारला. चार्ल्स केटरिंगचा विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारण्याचे धोक्याचे काम संपले. पण आता बॅटरी सतत भरलेली असणे अनिवार्य झाले, आणि बॅटरीला एकदिश प्रवाहच लागतो.

४/ डायनॅमोत वीज फिरत्या भागात निर्माण होते. सारा प्रवाह कम्युटेटर आणि कार्बन ब्रशमधून बाहेर काढावा लागतो. वेग फार वाढला की ठिणग्या आणि झीज, वेग उतरला की वीज अपुरी. रात्री दिवे आणि हीटर लावून रहदारीत रखडलेली मोटार स्वतःचीच बॅटरी रिकामी करी.

५/ अल्टरनेटरने ही रचना उलटवली. फिरत्या रोटरला चुंबकत्वापुरते मोजके अँपिअर स्लिप रिंगमधून मिळतात. मुख्य वीज स्थिर स्टेटरमध्ये निर्माण होते. कम्युटेटर नसल्याने रोटर इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येतो. त्यामुळे मोटार जागेवर उभी असतानाही बॅटरी भरत राहते.

६/ मग इतका उशीर का? दिशा बदलणारा प्रवाह एकदिश करणारा सुटसुटीत भाग उपलब्ध नव्हता. सेलेनियमचे रेक्टिफायर होते, पण ते जागा अडवत आणि उष्णता सोसत नसत. म्हणून अल्टरनेटर पोलीस मोटारींसारख्या खास वाहनांपुरताच राहिला.

७/ सिलिकॉन डायोडने ही कोंडी फोडली. असे सहा चिमुकले डायोड अल्टरनेटरच्या कवचातच मावले. बॅटरीतील वीज उलट वाहू न देण्याचे कामही तेच करू लागले. १९६१ मध्ये क्रायस्लरच्या सर्व मोटारींना अल्टरनेटर मिळाला. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. पुढे थरथरत्या संपर्कबिंदूंच्या रेग्युलेटरची जागा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने घेतली आणि तोही त्याच कवचात सामावला.

८/ पिक्सीच्या पहिल्या यंत्रातील फिरता चुंबक आणि स्थिर वेटोळी १९६० मध्ये मोटारीत परतली. मधल्या काळात जोडलेला कम्युटेटर गळून पडला. यंत्राच्या इतिहासात शोधाच्या सनाइतकेच आणखी एक विचारावे लागते : ते यंत्र कोणत्या सुट्या भागाची वाट पाहत होते? अल्टरनेटरच्या बाबतीत तो भाग मोटारीच्या कारखान्यात नव्हे, तर अर्धवाहकांच्या प्रयोगशाळेत तयार झाला.