जोडणी कोणाला द्यायची?

मागच्या व्याख्यानात आपण माहिती साठवण्याचा इतिहास पाहिला. आज त्या माहितीपर्यंत पोचण्याचा पाहू. विषय वरवर रूक्ष आहे. अनेक संगणक मिळून एकच डेटाबेस चालवतात, त्याला क्लस्टर म्हणतात. त्याला जोडून घेणाऱ्या माणसांवर नियंत्रण कसं ठेवायचं, हा तो विषय. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आम्हाला त्यात एक जुनाच प्रश्न दिसतो: जागा मोजक्या आणि येणारे जास्त, तेव्हा कुणाला काय सांगायचं?

या प्रश्नाला गणिताची शिस्त लावली ती डेन्मार्कच्या आग्नर एरलांग यांनी. १९०८ साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाले. इतक्या गावाला किती तारा पुरतील, हा त्यांच्यापुढचा व्यवहारी प्रश्न. १९०९मध्ये त्यांचा पहिला निबंध आला आणि १९१७मध्ये त्यांची प्रसिद्ध सूत्रं. त्यातली दोन आपल्या कामाची. एका सूत्रात सगळ्या तारा गुंतलेल्या असल्या की येणारा परत जातो. दुसऱ्यात तो थांबून राहतो. बघा, परत पाठवणे आणि थांबवून ठेवणे, हे दोन मार्ग शंभर वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते.

तिसरा मार्ग संगणकाबरोबर आला. एक यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायचं, ही कल्पना १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत प्रत्यक्षात उतरली. तिचा पुढचा अवतार म्हणजे मल्टिक्स. त्यात वापरणाऱ्यांचे गट पाडलेले होते. प्रत्येक गटाला काही जागा हक्काच्या. गटाच्या हक्काच्या जागा भरल्या तरी यंत्रात मोकळी जागा असेल, तर आणखी कुणाला दुय्यम म्हणून आत घेत. मात्र हक्काचा माणूस आला की दुय्यमाला बाहेर काढता येई. आपल्याकडे पंगतीत बसलेल्या माणसाला पानावरून उठवणं हा केवढा अपमान! पण इथे एक फरक आहे. दुय्यमाची जागा कच्ची आहे, हा नियम आधीच ठरलेला होता. नियम आधी सांगितला होता की नाही, यावर न्याय बराचसा अवलंबून असतो.

आता डेटाबेसकडे येऊ. प्रत्येक जोडणीला स्मृती लागते, म्हणून मर्यादा घालावीच लागते. पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा मुळात १०० असते आणि त्यातल्या ३ जागा व्यवस्थापकासाठी राखीव. मायएसक्यूएलमध्ये १५१, आणि वर एक व्यवस्थापकासाठी. ही बड्या लोकांची सोय आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. गर्दीने घर कोंडलं तर ते मोकळं करणाऱ्याला तरी आत शिरता आलं पाहिजे. मात्र त्या जागेवर रोजचं काम करत बसलं, की राखीव जागेचा अर्थच संपतो.

इथपर्यंत यंत्र एकच होतं. १९८३मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीने व्हॅक्सक्लस्टर आणलं आणि अनेक यंत्रं मिळून एकाच सामायिक साठ्यावर काम करू लागली. मग प्रश्न आला की यंत्रांमधला संपर्क तुटला तर खरं घर कुणाचं? उत्तर मतांचं होतं: निम्म्याहून अधिक मतं ज्या बाजूला, तिनेच काम चालू ठेवायचं. उरलेल्यांनी गप्प बसायचं. म्हणजे क्लस्टरमध्ये माणसांच्याही आधी यंत्रांना प्रवेशाचा नियम लागला.

२००१ साली ओरॅकलचं रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स आलं. अशा व्यवस्थेचं गणित साधं आहे, पण निर्दय आहे. दोन यंत्रं आहेत, प्रत्येकावर क्षमतेच्या ८० टक्के भार आहे. एक बंद पडलं. त्याची सगळी माणसं दुसऱ्याच्या दारात. भार झाला १६० टक्के, आणि तेही कोसळलं! एकाची अडचण होती, ती सर्वांची झाली. म्हणून दोघांच्या क्लस्टरमध्ये प्रत्येकाने निम्म्याच्या आत राहायचं, नाहीतर आपत्तीत कोणाला परत पाठवायचं हे शांत वेळीच ठरवून ठेवायचं.

दुरुस्तीच्या वेळी ओरॅकलचा व्यवस्थापक काय करतो, तेही पाहण्यासारखं आहे. एक आज्ञा आहे ‘रिस्ट्रिक्टेड सेशन’ची. तिने विशेष अधिकार नसलेल्या नव्या माणसाला दार बंद होतं. आत बसलेले मात्र तसेच राहतात. शिवाय ती एका यंत्रापुरतीच. शेजारचं दार उघडंच! दुसरी आज्ञा ‘क्वीएस’. ती सगळ्या यंत्रांना लागू होते आणि चालू कामं संपेपर्यंत वाट पाहते. पहिली पंगत उठू देते म्हणा ना. पण बाहेरच्याला ती नाहीही म्हणत नाही. त्याचा पडदा नुसता थबकतो. त्याला कळतच नाही की आपण रांगेत आहोत की विसरले गेलो आहोत.

आणि इथेच आमचा आक्षेप आहे. परत पाठवणं कठोर खरं, पण त्या माणसाला दुसरीकडे जाता येतं. थांबवणंही चालेल, पण पाळी सांगा. भारतीय रेल्वेच्या आरक्षणाचं उदाहरण घ्या. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९मध्ये एकमेकांना जोडली गेली. तिथेही जागा अपुऱ्याच. पण वेटिंग लिस्टच्या तिकिटावर आकडा असतो. त्या आकड्याने बर्थ मिळत नाही, पण घरी थांबायचं की एसटी पकडायची, हे प्रवाशाला ठरवता येतं. ठरवण्याची ही ताकद माणसाकडे ठेवणं, याला आम्ही आदर म्हणतो.

मर्यादा घालणं म्हणजे अन्याय नव्हे. आत घेतलेल्याचं काम पुरं करून देऊ, असं ते वचन आहे. अन्याय होतो तो मर्यादा लपवण्याने. परत पाठवा, थांबवा, वेळ आली तर उठवा. पण नियम आधी सांगा आणि दारातल्या माणसाला उत्तर द्या. इतकंच आज. पुढच्या वेळी कुलुपांचा इतिहास पाहू, म्हणजे आत गेलेल्या दोघांनी एकाच ओळीवर हात ठेवला तर काय होतं ते.