रिकामी फळी, परतीची तारीख आणि आठवणीचं अर्थकारण

किराणा दुकानातली फळी रिकामी झाली की त्याचा अर्थ एकच : माल मागवा. भाड्याने वस्तू देणाऱ्या दुकानातली फळी रिकामी झाली तर? एक तर धंदा जोरात आहे, सगळ्या वस्तू गिऱ्हाइकांकडे आहेत आणि मालकाने खुशाल चहा प्यावा. किंवा लोकांनी वस्तू नेल्यात आणि परत आणायचं नाव घेत नाहीयेत. किंवा निम्म्या वस्तू मागच्या खोलीत नादुरुस्त पडल्या आहेत. शून्य तेच, पण अर्थ तीन. म्हणूनच "स्टॉक संपत आला" असा ऑटोमॅटिक अ‍ॅलर्ट देणारं सॉफ्टवेअर किराणा दुकानाला उपयोगी पडतं, आणि तेच उचलून भाड्याच्या दुकानात लावलं की गडबड होते.

माझं रोजचं काम अ‍ॅलर्ट लिहिण्याचं आणि रात्री-अपरात्री ते झेलण्याचं. त्यामुळे ही कल्पना आली कुठून हे शोधावंसं वाटलं. शोधता शोधता लक्षात आलं, की ह्या गोष्टीत तंत्रज्ञान कमी आहे आणि माणसाचा स्वार्थ जास्त. पण आधी गणित.

विक्रीच्या मालाचं गणित १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने मांडलं. हा वेस्टिंगहाऊसमध्ये इंजिनिअर होता, आणि गंमत म्हणजे कॉलेजात न जाता स्वतःच शिकलेला. एका वेळी किती माल करावा किंवा मागवावा, जेणेकरून ऑर्डरचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च मिळून कमीत कमी होईल, ह्याचं एक वर्गमुळाचं सूत्र त्याने 'फॅक्टरी' नावाच्या मासिकात छापलं. इंजिनिअरिंगला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा पेपर दिलेल्यांनी हे सूत्र परीक्षेपुरतं घोकलेलं असणारच. किती मागवायचं हे ह्या सूत्राने ठरतं. कधी मागवायचं ह्यासाठी कारखान्यांत त्याहून साधी युक्ती होती : दोन डबे. पहिल्या डब्यातले नटबोल्ट संपले की दुसरा उघडायचा आणि लगेच ऑर्डर टाकायची. पहिला डबा रिकामा होणं हाच अ‍ॅलर्ट! पुढे १९५० च्या दशकात टोयोटात ताइइची ओनो ह्यांनी कानबानची पद्धत बसवली, तीही ह्याच जातीची. वापरलेल्या भागांसोबतचं कार्ड मागे जातं आणि तेवढेच भाग पुन्हा तयार होतात.

ह्या सगळ्यात गृहीत एकच आहे : माल गेला की गेला. भाड्याची वस्तू मात्र परत येते, निदान यावी अशी अपेक्षा असते. त्या वस्तूचं गणित हॅरिसच्या आधीच दुसऱ्याच एका कामासाठी सुरू झालं होतं, आणि तेही कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत.

अ‍ॅग्नर क्रारुप एर्लांग. टेलिकॉमवाल्यांना नाव माहीत असेल, त्याच्या नावाने एककच आहे. त्याच्यापुढचा प्रश्न असा : अमुक इतके लोक फोन करतात, प्रत्येक जण सरासरी इतकी मिनिटं बोलतो, तर किती लाइन्स ठेवाव्यात म्हणजे "लाइन व्यस्त आहे" हे फारसं कोणाला ऐकावं लागणार नाही? त्याचा पहिला निबंध १९०९ चा आणि प्रसिद्ध सूत्र १९१७ चं. आता लाइनच्या जागी ड्रिल मशीन ठेवा, बोलण्याच्या मिनिटांच्या जागी भाड्याचे दिवस ठेवा आणि "लाइन व्यस्त"च्या जागी "सगळी मशीनं बाहेर आहेत साहेब, उद्या या" ठेवा. गणित अक्षरशः तेच.

करून बघू. समजा दुकानात दिवसाला सरासरी ३ जण ड्रिल मागायला येतात आणि प्रत्येक जण सरासरी २ दिवस ठेवतो. गुणाकार ६. म्हणजे ६ मशीनं पुरतील असं कोणालाही वाटेल. सूत्र म्हणतं, ६ मशीनं असतील तर साधारण २६ टक्के गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाईल! कारण माणसं रांगेत शिस्तीने एकेक करून येत नाहीत; कधी एका दिवशी सहा येतात, कधी एकही नाही. परत जाणारे ५ टक्क्यांच्या खाली आणायचे तर १० मशीनं लागतात.

पण खरी मजा पुढे आहे. मशीन एकही वाढवू नका. फक्त लोक सरासरी २ ऐवजी दीड दिवसात परत आणतील असं काहीतरी करा. परत जाणारं गिऱ्हाईक २६ वरून १५ टक्क्यांवर येतं. हाच परिणाम नवी मशीनं घेऊन साधायचा तर एक पुरत नाही, दोन घ्यावी लागतात. म्हणजे "उद्या संध्याकाळपर्यंत परत आणा हं" ह्या आठवणीच्या एका ओळीने अर्ध्या दिवसाचा फरक पडत असेल, तर तिची किंमत जवळजवळ दोन ड्रिल मशीनांइतकी आहे.

(एक पुस्ती जोडायला हवी. एर्लांगचं सूत्र धरून चालतं की गिऱ्हाइकं एकमेकांशी संबंध नसताना आपापल्या वेळी येतात. आपल्याकडच्या मंडपवाल्याला हे सांगून बघा! मुहूर्त सगळ्यांचा एकच, त्यामुळे खुर्च्या, सतरंज्या आणि पातेली सगळ्यांना एकाच दिवशी हवी. तिथे सरासरी कामाची नाही, पंचांग कामाचं.)

आता प्रश्न असा : आठवण इतकी मोलाची असेल, तर भाड्याच्या दुकानांनी ती पहिल्यापासून जिवाच्या आकांताने का दिली नाही? उत्तर व्हिडिओ कॅसेटच्या इतिहासात सापडतं.

१९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सन ह्याने व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. हाताशी सिनेमे होते अवघे पन्नास. वर्षाची वर्गणी ५० डॉलर आणि वर रोजचं भाडं १० डॉलर. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडनंतर टीव्ही-व्हिडिओचं वारं आलं आणि गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. तिथलं सगळं तंत्रज्ञान म्हणजे एक लांबट वही, डिपॉझिट आणि मालकाची स्मरणशक्ती. "परवा नेलेली कॅसेट अजून आली नाही" हा अ‍ॅलर्ट मालकच रस्त्यात गाठून देत असे, तोही चारचौघांत. फारच परिणामकारक पद्धत!

१९८५ च्या ऑक्टोबरमध्ये डॅलसमध्ये ब्लॉकबस्टरचं पहिलं दुकान उघडलं. संस्थापक डेव्हिड कुक आपल्याच जातकुळीतला, तेल कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवणारा. बारकोड तोवर किराण्यात रुळला होता (२६ जून १९७४ ला ओहायोमधल्या ट्रॉय गावी च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं). कुकने कॅसेटवर बारकोड लावले आणि सगळी नोंद कॉम्प्युटरवर घेतली. सुमारे ८००० कॅसेटपैकी कुठली कोणाकडे आहे आणि कधी यायची आहे, हे दुकानाला कधीही विचारा, माहीत. म्हणजे अ‍ॅलर्टसाठी लागणारा सगळा डेटा १९८५ पासून हातात होता.

तरीही नव्या सिनेमाची फळी रिकामीच असायची. एक कारण किमतीचं. कॅसेट साधारण ६५ डॉलरला पडायची आणि भाडं मिळायचं ३ डॉलरच्या आसपास. एक कॅसेट बावीस वेळा गेल्याशिवाय पैसे वसूल नाहीत, मग दुकानदार जास्त कॅसेट घेईल कशाला? १९९८ च्या सुमारास ब्लॉकबस्टरने स्टुडिओंशी करार केले : कॅसेट सुरुवातीला अगदी स्वस्तात द्या आणि भाड्यातला वाटा घ्या. फळ्या भरल्या. टंचाई अ‍ॅलर्टने सुटली नव्हती, ती करारातली एक ओळ बदलल्यावर सुटली.

दुसरं कारण जास्त बोचरं आहे. उशिराचा दंड. २००० साली ब्लॉकबस्टरने उशिराच्या दंडातून जवळजवळ ८० कोटी डॉलर मिळवले, म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे १६ टक्के. आता एर्लांगला बाजूला ठेवा आणि मालकाच्या खुर्चीत बसा. गिऱ्हाईक विसरलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला कॅसेट मिळत नाही हे खरं, पण विसरलेल्याकडून दंड मिळतो. ज्या दुकानाला विसरण्यातून पैसा मिळतो, त्याने आठवणीवर पैसा कशाला खर्च करावा?

जानेवारी २००५ मध्ये ब्लॉकबस्टरने "आता दंड नाही" अशी जाहिरात केली. बारीक अक्षरांत असं होतं, की सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर वस्तू तुम्ही विकत घेतली असं धरून किंमत लावू. महिन्याभरात परत केलीत तर सव्वा डॉलर घेऊन बाकीचे परत. त्याच वर्षी मार्चमध्ये ह्या जाहिरातीबद्दल ४७ राज्यांशी तडजोड करावी लागली. २०१० च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दंड हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, कर्ज होतं, स्पर्धा होती. पण गिऱ्हाइकाच्या मनातला राग हा कुठल्याच स्टॉक रिपोर्टमध्ये येत नाही.

स्पर्धा म्हणजे अर्थात नेटफ्लिक्स. १९९९ मध्ये त्यांनी मासिक वर्गणी काढली आणि परतीची तारीखच उडवून टाकली. एका वेळी ठरलेल्या डीव्हीडी तुमच्याकडे, एक परत आली की यादीतली पुढची निघणार. ओळखीचं वाटतंय ना? परत आलेला तो लाल लिफाफा म्हणजे ओनोंचं कानबान कार्डच. आठवण द्यायची गरजच संपली, कारण परत करण्यात गिऱ्हाइकाचाच फायदा.

पण इथेही स्वार्थाने डोकं वर काढलंच. ठरलेल्या वर्गणीत जो भराभर सिनेमे बघतो तो कंपनीला महाग पडतो. मग कमी वापरणाऱ्यांना नव्या डीव्हीडी आधी मिळू लागल्या. २००४ मध्ये खटला झाला, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि हा प्राधान्यक्रम कंपनीला आपल्या अटींमध्ये लिहावा लागला. पोस्टाने डीव्हीडी पाठवणं २९ सप्टेंबर २०२३ ला थांबलं.

आता तुम्ही म्हणाल, मग स्वार्थ जुळला की अ‍ॅलर्टच अ‍ॅलर्ट लावू! एसएमएस जवळपास फुकट आहे. भाड्याच्या जनरेटरला आणि जेसीबीला जीपीएस बसतं, इंजिन किती तास चाललं ते घरबसल्या कळतं, सर्व्हिसिंगची सूचना आपोआप येते. सगळं छान. फक्त एक तारीख लक्षात ठेवा : २४ जुलै १९९४. वेल्समधल्या मिलफोर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. चौकशीत निघालं, की स्फोटाआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरपुढे २७५ अलार्म वाजले होते. दर अडीच सेकंदाला एक! यंत्र इतकं बोलत होतं, की त्यातलं कामाचं काय हे माणसाला कळेना.

भाड्याच्या दुकानात स्फोट होणार नाही, मान्य. पण रोज चाळीस "स्टॉक शून्य" मेसेज आले, की काउंटरवरचा मुलगा आठवड्याभरात ते वाचायचं बंद करतो. आणि मग गिऱ्हाइकाने पडद्यामागच्या बिघडलेल्या काँक्रीट मिक्सरबद्दल केलेली तक्रारही त्यातच बुडते.

म्हणून मला कोणी असल्या दुकानासाठी अ‍ॅलर्ट लिहायला सांगितले, तर मी "किती शिल्लक" हा प्रश्न शेवटी घेईन. आधी विचारेन : वस्तू नसण्याचं कारण कोणतं, बाहेर आहे, उशीर झालाय की मोडलीये? प्रत्येकाला वेगळा अ‍ॅलर्ट, आणि तो ज्याला काही करता येईल त्यालाच. उशिराची सूचना परतीच्या तारखेच्या आदल्या दिवशी, गिऱ्हाइकाला. मोडल्याची सूचना दुरुस्तीवाल्याला. आणि मालकाला फक्त एक आकडा, आठवड्यातून एकदा : किती जण रिकाम्या हाताने परत गेले. हा आकडा स्कॅनर टिपत नाही, काउंटरवरच्या माणसाने वहीत रेघ मारावी लागते.

आणि कोड लिहायच्या आधी मालकाला एक प्रश्न : गिऱ्हाईक विसरलं तर तुमचा फायदा होतो की तोटा? उत्तर "फायदा" असेल, तर अ‍ॅलर्ट कितीही हुशार लिहा, तो सहा महिन्यांत कोणीतरी बंद करून ठेवलेला सापडेल.